सॉर्टरने खेळलेलं बुद्धिबळ

आमच्या सेक्शनमध्ये एक लाकडी कपाट होतं आणि त्यात बाराही महिने दिवा जळत असे. नवीन कोणी आलं की हटकून विचारायचं, आत देव आहेत का? देव नव्हते, कोरी कार्डं होती. शहाडची हवा नदीकाठची, दमट. कार्डाने ओल धरली की ते केसभर फुगतं, आणि फुगलेलं कार्ड यंत्रात अडकलं की त्याचा पार चोळामोळा होतो. म्हणून त्यांना दिव्याची ऊब द्यायची. लोकांना वाटायचं आम्ही यंत्रं चालवतो. खरं म्हणजे आमचा निम्मा वेळ कार्डांची बाळंतिणीसारखी काळजी घेण्यात जायचा.

मी ठाण्याची, माहेरची प्रधान, नाव शालिनी. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत शहाड स्टेशनच्या पलीकडे रंग तयार करणारा एक कारखाना होता. नाव लिहीत नाही, कारण त्यातली बरीच माणसं आता नाहीत आणि त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं दिसत नाही. मॅट्रिक झाल्यावर मी तिथे ‘पंच ऑपरेटर’ म्हणून लागले. घरी सांगितलं तेव्हा आमच्या भाऊंना, म्हणजे वडिलांना, वाटलं की मी रेल्वेची तिकिटं पंच करणार. कितीतरी दिवस ते शेजाऱ्यांना तसंच सांगत होते.

काम असं होतं. जाड कागदाचं एक लांबट कार्ड. त्यावर आकड्यांच्या उभ्या ओळी. कामगाराचा नंबर, खात्याचा नंबर, कामाचे तास, कोणता माल किती वापरला, हे सगळं त्या कार्डावर भोकांच्या रूपात उतरवायचं. एका मुलीने भोकं पाडायची, दुसरीने तेच आकडे पुन्हा बडवून ताळा पाहायचा. मग कार्डांचा गठ्ठा सॉर्टरमध्ये. हे यंत्र म्हणजे पोस्टातल्या पत्रं लावणाऱ्या माणसासारखं. भोक कुठे आहे ते चाचपून प्रत्येक कार्ड ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं, आणि तेही असं भराभर की खणखणाट दारापर्यंत ऐकू जायचा. शेवटी टॅब्युलेटर बेरजा करून कागदावर छापायचा. बाहेरच्या माणसाला ही जादू वाटे. आम्हाला ठाऊक होतं की त्या खोलीत विचार असा कोणीच करत नाही. आधी ठरवून दिलेलं फक्त न चुकता होतं.

सेक्शनचे प्रमुख रेगेसाहेब. चाळिशीचे, बारीक, गणितातले एम. ए. बोलताना खडूच्या सवयीने बोटं एकमेकांवर घासत. सॉर्टर सांभाळायला घरत होता. शहाडजवळच्याच गावातला आगरी माणूस, वयाने माझ्याहून बराच मोठा. यंत्राच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय ते तो सांगायचा. आणि आमचं सर्वांत चिकट गिऱ्हाईक म्हणजे हिशेब खात्यातले कुलकर्णी. डोंबिवलीचे, काळी टोपी, खिशात दोन पेन्सिली. टॅब्युलेटरने छापलेली प्रत्येक बेरीज ते आपल्या टेबलावर पुन्हा करून पाहायचे. मी एकदा म्हटलं, “कुलकर्णी, यंत्राची बेरीज चुकत नाही हो.”

ते म्हणाले, “बाई, चुकत नाही हे मला कळायला मला ती करावीच लागते ना?”

मी पुढचा छापील कागद त्यांच्याकडे सरकवला.

एके दिवशी रेगेसाहेब एक परदेशी मासिक घेऊन आले. तिकडे यंत्राला बुद्धिबळ शिकवता येईल का यावर विचार चालला आहे, असं त्यात होतं. त्यांनी ते आम्हाला मराठीत समजावलं. प्रत्येक सोंगटीला किंमत द्यायची. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. मग आपल्या शक्य असतील त्या सगळ्या खेळी मांडायच्या, आणि प्रत्येक खेळीवर समोरचा आपलं जास्तीत जास्त किती नुकसान करू शकेल ते बघायचं. ज्यात आपला फायदा सर्वांत जास्त किंवा तोटा सर्वांत कमी, ती खेळी करायची. झालं.

“त्यांच्याकडे विजेची मोठी यंत्रं आहेत,” रेगेसाहेब म्हणाले. “आपल्याकडे सॉर्टर आहे. प्रत्येक खेळीचं एक कार्ड करू. सॉर्टर लावून देईल, सर्वांत वरचं कार्ड आपली खेळी. खेळ्या मांडायला मात्र सोंगट्या कशा चालतात ते येणारं माणूस हवं. कोणाला येतं?”

मी हात वर केला. भाऊंनी मला लहानपणीच शिकवलं होतं आणि मी त्यांना हरवतही असे.

“बरं येतं?” त्यांनी विचारलं.

“बरं येतं.”

“अरेरे,” ते म्हणाले.

तेव्हा मला राग आला. पुढे कळलं की त्यांची अडचण खरी होती. त्यांना खेळणारी नको होती, नियमाबरहुकूम चालणारी हवी होती. घरतला खेळ येत नव्हता, दुसऱ्या मुलींना येत नव्हता. शेवटी मलाच घेतलं, पण अट घालून. पटाकडे पाहून मला जे सुचेल ते मनातच ठेवायचं. आकडा काढायचा तो फक्त नियमाने. वजा आकडे कार्डाला पेलत नाहीत म्हणून साहेबांनी सगळ्यांत पन्नास मिळवायला सांगितले. म्हणजे ना नफा ना तोटा असेल तर पन्नास, एक प्यादं मिळालं तर एक्कावन्न. थेट मात होत असेल तर नव्याण्णव. दोन खेळींचा आकडा सारखा आला तर जिचं कार्ड आधी मांडलं ती वर.

हे सगळं जेवणाच्या सुट्टीत चालायचं. सुरुवातीला एका खेळीत सुट्टी संपायची. मी एका हाताने पोळीभाजी खात यादी करायची, कार्डं पाडायची, घरतने ती सॉर्टरमधून काढायची. समोर खेळायला कुलकर्णी. ते स्वतःहून आले होते. “बेरीज तपासली, आता अक्कलही तपासतो,” म्हणाले.

पहिल्याच डावात आमचं यंत्र इतकं हावरट निघालं की मलाच लाज वाटली. समोर प्यादं दिसलं की ते वजीर पुढे करून मारायचं. नियमाप्रमाणे दोनच पावलं बघायची होती, माझी खेळी आणि त्यांचं उत्तर. तिसऱ्या पावलावर काय वाढून ठेवलंय याचा त्याला पत्ताच नसे. एकदा आमच्या घोड्याने त्यांचा घोडा मारायचा, त्यांच्या प्याद्याने आमचा घोडा मारायचा, बरोबरी म्हणून मोजणं तिथेच थांबलं आणि ती खेळी मागे पडली. वास्तविक त्यानंतर आमच्या उंटाला त्यांचं ते प्यादं फुकट मिळत होतं. कुलकर्णी टोपी सरळ करत म्हणाले, “रेगेसाहेब, तुमचं यंत्र लग्नाच्या पंगतीला पाठवू नका. पहिल्या वाढपातच पोट बिघडवून घेईल.”

रेगेसाहेब हसले नाहीत. दोन दिवस बोटं घासत फिरले आणि मग नवा नियम घेऊन आले. मारामारी चालू असेल तोवर मोजणं थांबवायचं नाही. एकमेकांच्या सोंगट्या मारून शांतता झाली की मगच आकडा लिहायचा. नियम साधा, पण माझं काम तिप्पट झालं. घरतने सॉर्टरवर हात ठेवून विचारलं, “मंग हा आता हुशार झाला म्हनायचा?”

“हुशार नाही,” साहेब म्हणाले, “थोडा कमी मूर्ख.”

त्या कमी मूर्ख यंत्राने पुढच्याच डावात कुलकर्णींना हरवलं. मोठं काही केलं नाही. त्यांनी एक उंट उघडा टाकला, यंत्राने तो घेतला, मग अदलाबदल करत करत शेवटी आमचं एक प्यादं वजीर झालं. कुलकर्णींनी डाव पहिल्यापासून पुन्हा मांडून तपासला. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले.

“शालिनीबाई, खरं सांगा. त्या खेळी त्याच्या होत्या की तुमच्या?”

“नियमाच्या होत्या.”

“नियम तुम्हीच लावता. कार्ड तुम्हीच पाडता. वाचताही तुम्हीच.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मी चिडून विचारत नाही. माझी तीन मुलं आहेत. हे जर खरंच डोकं चालवायला लागलं असेल, तर आम्हा हिशेबवाल्यांना आत्ताच समजलेलं बरं.”

मी त्यांना सगळी रीत दाखवली. त्यांनी ऐकून घेतली, पण पटलेली दिसली नाही. आठवड्याच्या आत कारखानाभर झालं की यंत्र वगैरे काही नाही, प्रधानबाईच खेळतात आणि रेगे यंत्राचं नाव सांगतात. ही गोष्ट मॅनेजरसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी रेगेसाहेबांना आणि मला बोलावलं. मला बसायला सांगितलं नाही.

“सुट्टीत खेळता, माझं म्हणणं नाही,” ते रेगेसाहेबांना म्हणाले. “पण कारखान्याचा सगळा हिशेब या मुलीच्या बोटांतून जातो. ती खेळात कार्ड बदलते असं लोक म्हणत असतील, तर उद्या पगाराच्या कार्डाबद्दलही म्हणतील.”

मी तेव्हा टेंपररी होते. कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडला होता आणि हे तिघांनाही ठाऊक होतं. भाऊंची दृष्टी त्या वर्षी उतरत चालली होती, धाकटा भाऊ शाळेत होता. रेगेसाहेब म्हणाले, “मग सगळ्यांसमोर होऊन जाऊ द्या. आमच्या खात्याशी संबंध नसलेला चांगला खेळाडू आणा.”

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी सामना ठरला. चांगला खेळाडू म्हणजे कोण यावर ठाण्यात दुमत नव्हतं. टेंभी नाक्याजवळ राहणारे दादासाहेब टिपणीस, निवृत्त वकील. कोर्टात जितकं बोलले असतील तितकेच पटावर गप्प. भाऊंची त्यांच्याशी ओळख होती म्हणून आमंत्रण द्यायला मलाच पाठवलं. ते ओटीवर पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते.

“यंत्राशी खेळायचं म्हणजे माझ्या समोर बसणार कोण?” त्यांनी विचारलं.

“मी बसणार. खेळी मी मांडणार. पण ठरवणार यंत्र.”

“तुला खेळता येतं?”

“येतं, दादासाहेब.”

“मग तुझं अवघड आहे,” ते म्हणाले. “मी पटापेक्षा माणसाचा चेहरा जास्त बघतो. यंत्राला चेहरा नाही, तुला आहे. मी तुझाच बघणार.”

संमेलन रविवारी होतं. कँटीनच्या मोठ्या खोलीत टेबल मांडलं. सॉर्टर आणि माझं पंच मशीन शेजारच्या आमच्या खोलीत, मधलं दार उघडं. पद्धत अशी ठरली की दादासाहेबांची खेळी झाली की मी आत जाऊन यादी करायची, कार्डं पाडायची, घरतने ती सॉर्टरमधून काढून सर्वांत वरचं मला द्यायचं, मी बाहेर येऊन ती खेळी मांडायची. कुलकर्णी दादासाहेबांच्या बाजूला बसून खेळी लिहून घेणार. भिंतीला टांगलेल्या फळ्यावर रेगेसाहेब पट काढत होते म्हणजे मागच्यांना दिसावं. भाऊ पहिल्या रांगेत. त्यांना फळा नीट दिसत नव्हता, म्हणून शेजारचा माणूस कानाशी सांगत होता.

सरावाने आता खेळी लवकर होत होती, तरी सकाळी सुरू झालेला डाव जेवणं होऊन गेली तरी चालूच होता. लोक उठत होते, लेझीम पाहून परत येत होते. यंत्र त्या दिवशी त्याच्या मानाने सुरेख खेळलं. काही उघडं टाकलं नाही, उगाच कुठे धावलं नाही. आमचा घोडा त्यांच्या राजाजवळ जाऊन बसला होता. तो तिथे गेला याला काही बेत नव्हता. त्या घरावरचं प्यादं मिळत होतं म्हणून गेला, एवढंच. पण बसला होता खरा.

आणि मग दादासाहेबांनी राजा कोपऱ्यात सरकवला.

मी उठण्याआधीच मला ते दिसलं. त्यांच्या राजापुढे एक प्यादं होतं. आमच्या वजिराने ते मारून शह द्यायचा. वजिरामागे कोणाचा जोर नव्हता, म्हणजे राजाला वजीर मारता येत होता. नुसता येत नव्हता, मारावाच लागत होता, कारण शेजारचं घर आमच्या घोड्याने धरलं होतं. आणि राजा तिथे आला की आमचा हत्ती त्याच उभ्या ओळीत आणून ठेवायचा. मात. सुटायला घर नाही. वजीर देऊन दोन खेळींत डाव संपत होता.

मी मान वर केली. दादासाहेब पटाकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होते. त्यांनाही आत्ताच दिसलं होतं, सोंगटी हातातून सुटल्यावर. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त कपाळाची एक शीर उठली होती.

मी आत गेले. यादी करायला बसले. प्याद्यांच्या खेळी, घोड्याच्या, उंटाच्या, हत्तींच्या. वजिराच्या शेवटी. ‘वजिराने राजापुढचं प्यादं मारणे.’ नियम काय म्हणतो? प्यादं मिळालं, एक अधिक. राजाने वजीर मारला, नऊ वजा. त्यानंतर मारामारी थांबते, कारण हत्ती सरकवताना काही मरत नाही. म्हणजे मोजणं इथे संपलं. आठ वजा. पन्नास मिळवून बेचाळीस.

यादीतला तो सर्वांत लहान आकडा होता. नव्याण्णव असायला हवा होता.

मशीनवर हात ठेवून मी बसून राहिले. बाहेर शेदोनशे माणसं. त्यांतल्या कोणालाही भोकं वाचता येत नव्हती, आणि आत असलेल्या घरतला बुद्धिबळ येत नव्हतं. दोन कळा वेगळ्या दाबल्या असत्या तर ठाण्याच्या सर्वांत मोठ्या खेळाडूवर आमच्या शहाडच्या खोलीने मात केली असती. रेगेसाहेबांचं नाव झालं असतं. भाऊंच्या कानाशी कोणीतरी ते सांगितलं असतं. आणि मला स्वतःला, खरं सांगायचं तर, ती खेळी इतकी आवडली होती की ती न करता सोडून देणं जिवावर आलं होतं. बुद्धिबळ खेळणाऱ्याला आयुष्यात असा वजीर द्यायला एखाददुसऱ्या वेळीच मिळतो.

घरत म्हणाला, “बाय, कार्डं देता ना?”

मी बेचाळीस पाडले आणि गठ्ठा त्याच्याकडे दिला. सॉर्टर खणखणला. वरचं कार्ड घेऊन तो आला. उंटाने पलीकडच्या कडेचं प्यादं मारणे, एक्कावन्न.

बाहेर येऊन मी उंट उचलला आणि ते प्यादं मारलं. फळ्याकडे पाहत असलेल्या लोकांत थोडी हालचाल झाली. दादासाहेबांनी डोळे मिटले, उघडले आणि राजापुढचं ते प्यादं एक घर पुढे सरकवून भोक बुजवलं. त्यानंतर डाव हळूहळू त्यांच्याकडे गेला. ‘हरलो’ म्हणण्याची सोय आमच्या नियमांत नव्हती, म्हणून शेवटची मात होईपर्यंत मी उठबस करत राहिले.

टाळ्या झाल्या. मॅनेजरसाहेब हार घालायला पुढे आले. दादासाहेबांनी हात करून त्यांना थांबवलं आणि उभे राहिले.

“एक सांगायचं आहे,” ते म्हणाले. “मघाशी मी एक घोडचूक केली. दोन खेळींत मला मात होत होती. ती यंत्राला दिसली नाही. या मुलीला दिसली. मी चाळीस वर्षं साक्षीदारांचे चेहरे पाहिलेत, ते मला चुकत नाहीत. तिला दिसली आणि तिने केली नाही. यंत्र खेळतं की मुलगी, असा वाद आहे असं मला येताना कळलं. माझ्या मते तो वाद आता राहिला नाही.”

मग त्यांनी ती खेळी पटावर मांडून दाखवली. रेगेसाहेब फळ्यावर उतरवत होते. वजीर पुसून राजा तिथे काढताना त्यांच्या हातातला खडू मोडला. त्यांना ती दिसली नव्हती. ते गणिती होते, खेळाडू नव्हते.

कुलकर्णी टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आले. टोपी काढून हातात घेतली होती. “शालिनीबाई, मी लोकांत बोललो ते चुकीचं होतं. लोकांतच परत घेतो,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलावर जाऊन त्यांनी ते खरंच परत घेतलं.

मॅनेजरसाहेबांनी मात त्यातून वेगळाच अर्थ काढला. हसत हसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “म्हणजे यंत्रापेक्षा आमची मुलगी बरी. मग रेगे, यंत्राला शिकवता कशाला?” लोकही हसले. त्याच महिन्यात माझ्या कागदावर सही झाली, आणि सॉर्टरवर कारखान्याच्या कामाखेरीज दुसरं काही लावायचं नाही अशी सूचनाही निघाली. एका हाताने मिळालं, दुसऱ्या हाताने गेलं.

रेगेसाहेबांना हरल्याचं दुःख नव्हतं. त्यांना एकच छंद लागला, की तो वजीर देणं नियमात कसं बसवायचं. संध्याकाळी शहाडच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना ते मला समजावत. दोन पावलांऐवजी तीन पावलं पाहायची. पण माझ्या प्रत्येक खेळीला त्यांची तीसेक उत्तरं, त्या प्रत्येकाला माझी पुन्हा तीसेक. “तुम्हाला एका खेळीसाठी घरी न जाता किती दिवस बसावं लागेल माहीत आहे?” ते म्हणत आणि स्वतःच थांबत. माणसांनी करण्याचं ते काम नव्हतंच. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. मुंबईत एका संशोधन संस्थेत विजेवर चालणारं गणकयंत्र बांधत होते, तिथे ते गेले.

जाताना त्यांनी मला विचारलं, “याल का तिकडे? नियम लिहून द्यायला माणसं लागणार आहेत. नियम लिहिणारे पुष्कळ मिळतील. मला असा माणूस हवा, जो तो पाळून बघेल आणि नेमका कुठे तुटतो ते सांगेल.”

जागा एका वर्षापुरती होती, पुढचं कोणी सांगू शकत नव्हतं. इथे मी नुकतीच कायम झाले होते. भाऊंना आता वर्तमानपत्रही वाचून दाखवावं लागत होतं. मी चार दिवस मागितले आणि नाही म्हणून सांगितलं. भाऊंना हे मी कधी सांगितलं नाही, कारण ते मला जायला लावतील याची मला खात्री होती. पुढे त्याच कारखान्यात मी सेक्शनची प्रमुख झाले, चांगली झाले, मुली हाताखाली तयार केल्या. तरीही विजेच्या यंत्राबद्दल कुठे काही छापून आलं की ते पान मी दोनदा वाचत असे.

दोनेक वर्षांनी रेगेसाहेब दुपारचे अचानक सेक्शनमध्ये उभे. केस पिकले होते, बोटं घासण्याची सवय तशीच. घरतने त्यांच्यासाठी चहा आणवला. खुर्चीवर टेकत ते म्हणाले, “शालिनीबाई, आमच्या यंत्राला मोकळा वेळ होता. मी त्याला दादासाहेबांचा तो पट घातला. दोन खेळींत मात शोध म्हणून सांगितलं.”

“मग?”

“चहा निवायच्या आत वजीर दिला त्याने.”

मी हसले. मनापासून आनंद झाला. त्यात थोडं काही खुपलंही, पण ते आनंदाच्या खाली.

घरत कपबशी हातात धरून ऐकत होता. “साहेब, मना त्या खेलातला काय कलत नाय,” तो म्हणाला. “पन वजीर द्यायला त्याला भ्याव नाय वाटला?”

“नाही रे. त्याला वजीर काय आणि प्यादं काय, आकडेच.”

“बायला वाटला व्हता,” घरत म्हणाला. “मशीनवर हात ठेवून बसून व्हत्या, कार्डं मना मागाया लागली. मी बघला.”

रेगेसाहेबांनी बशीतून वर पाहिलं. “त्या दिवशीच्या खेळीबद्दल मी तुमच्याशी तासन्‌तास बोललो,” ते सावकाश म्हणाले. “तुम्हाला आत बसून कसं वाटत होतं, ते कधी विचारलंच नाही.”

कोणीच विचारलं नव्हतं. भाऊंनीही नाही. मी हातातलं काम बाजूला सारलं, खुर्ची त्यांच्याकडे वळवून घेतली आणि सांगायला सुरुवात केली.